खळ्यात उघडेल अशी वेबसाइट

"ताई, तुमचं काम चांगलंच असणार हो. पण मला काही दिसलंच नाही."

गुहागरजवळचे एक काका फोनवर बोलत होते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. आता समुद्राजवळच्या राहत्या घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांना होमस्टेसाठी वेबसाइट करून घ्यायची होती. पुण्याच्या भाचीने माझं नाव सुचवलं, मी माझ्या पोर्टफोलिओची लिंक पाठवली आणि चार दिवस वाट बघून शेवटी मीच फोन लावला. काकांनी लिंक तीनदा उघडून पाहिली होती. एकदा पडवीत, एकदा खळ्यात, एकदा बाजारात गेले तेव्हा. "नुसता काळा पडदा आणि मधोमध आकडा. बारा, तेरा, चौदा. मग मधेच कुणाचा तरी फोन आला नि ते राहिलं."

काम त्यांनी चिपळूणच्या एका मुलाला देऊन टाकलं होतं. त्याचं कारणही त्यांनी सरळ सांगितलं. "त्याची वेबसाइट लगेच उघडली. म्हटलं, ज्याची स्वतःची आपल्या फोनवर दिसते, तो आपलीही दिसेल अशी करेल."

फोन ठेवला तेव्हा पोटात खड्डा पडला होता. काम गेल्याचं दुःख होतंच, फ्रीलान्स करणाऱ्याला ते सोसावं लागतं. पण काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, ते जास्त लागलं.

मी कोल्हापुरात घरूनच एकटी काम करते. पोर्टफोलिओची ती वेबसाइट मी दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात महिनाभर खपून केली होती. उघडताच शून्यापासून शंभरपर्यंत मोजणारा आकडा, तो संपला की पडद्यासारखं बाजूला सरकणारं काळं पान, मागे माझ्या हातांचा स्केच काढतानाचा व्हिडिओ, त्यावर अक्षर अक्षर उमटणारं माझं नाव. खाली बावीस कामं, सगळी सरकत्या पट्टीवर. त्या आकड्यावरच मी दोन दिवस घालवले होते. बरोबरीच्या डिझायनर मैत्रिणींनी कौतुक केलं होतं आणि मला ते पुरलं होतं. आम्ही सगळ्यांनी ती वेबसाइट फायबरच्या वायफायवर, लॅपटॉपवर बघितली होती.

त्या रात्री मी पहिल्यांदा तिचं वजन केलं. क्रोममध्ये नेटवर्कचा तक्ता उघडून पान ताजं केलं की प्रत्येक फाइल किती किलोबाइटची आली ते ओळीने दिसतं. मुख्य पान ११.४ एमबी. नुसता व्हिडिओ ५ एमबीच्या वर. मग वेबसाइटचा वेग तपासणाऱ्या गूगलच्या लाइटहाउसची मोबाइल चाचणी चालवली. ही चाचणी मुद्दाम संथ जोडणी गृहीत धरते, सेकंदाला १.६ मेगाबिट. मी कागदावर साधा भागाकार केला. ११.४ गुणिले ८ म्हणजे ९१.२ मेगाबिट, भागिले १.६. सत्तावन्न सेकंद. गुहागरच्या त्या खळ्यात रेंजची एकच काडी असेल तर त्याहूनही जास्त. आणि तो माझा आकडासुद्धा अॅनिमेशनच्या ज्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, चालत होता ती आधी उतरावी लागे, तोवर पडदा नुसता काळा.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी देवरुखला निघाले होते. एसटीत चिपळूणच्या त्या मुलाची वेबसाइट उघडायचं ठरवलं होतं, पण मलकापूर सुटलं, आंबा घाट लागला आणि रेंज गेली. साखरप्याच्या अलीकडे फोनच्या कोपऱ्यात 'ई' दिसायला लागला, म्हणजे नेट कसंबसं रांगत होतं. लिंक दाबली. मी खिडकीबाहेर बघायला मान वळवली आणि परत बघते तर पान समोर होतं.

पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं. वर त्याचं नाव, खाली दोन ओळी: मी चिपळूणला राहतो, दुकानं, शाळा आणि होमस्टे यांच्या वेबसाइट तयार करतो. मग पाच कामं. प्रत्येकाला एक छोटं चित्र आणि तीन वाक्यं. मालकाला काय हवं होतं, मी काय केलं, त्यानंतर काय बदललं. एका किराणा दुकानाच्या कामाखाली लिहिलं होतं, 'आधी लोक फक्त दुकान किती वाजता उघडतं हे विचारायला फोन करायचे. आता वेळ सगळ्यात वर लिहिली आहे.' शेवटी फोन नंबर, दाबला की लागणारा. साध्या वेबसाइटला साधारण किती खर्च येतो तेही लिहिलेलं. आणि अगदी तळाला बारीक अक्षरात: हे पान ७१ केबी.

मी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. एखाद्या डिझायनरचा पोर्टफोलिओ आपण शेवटचा कधी *वाचला* होता, ते मला आठवेना. आम्ही एकमेकांच्या वेबसाइट बघतो, सरकवतो, वा म्हणतो आणि बंद करतो. या मुलाच्या पानावर मला त्याचं काम कळलं, त्याची विचार करायची पद्धत कळली. त्याच्याकडे जाणारा माणूस कसा असेल, हे त्याने किती नीट ओळखलंय तेही कळलं. ओळींमधलं अंतर मोजून ठेवलेलं होतं, ओळ कुठे मोडते याची काळजी घेतलेली होती. मोबाइलवर मराठी वाचताना वेलांटी आणि उकार एकमेकांना टेकू नयेत म्हणून ओळींत जरा जास्त जागा लागते, हे फार थोडे जण पाळतात. त्याने पाळलं होतं. पहिल्या नजरेला कुणी म्हणेल, यात डिझाइन कुठाय? मला तर सगळीकडे दिसत होतं.

त्याच जागी, त्याच रेंजवर माझीही उघडून बघितली. देवरुख आलं तेव्हा आकडा चौतीसवर होता.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. ओळख सांगितली, काकांचा विषय काढला नाही, फक्त म्हटलं की तुझं काम फार आवडलं. तो आधी संकोचला, मग बोलता झाला. "ताई, माझ्या बाबांचा फोन जुना आहे, दोन जीबी रॅमचा. मी काहीही केलं की आधी त्यांच्या हातात देतो आणि गप्प बसतो. ते कुठे अडतात तेवढं बघतो." एवढंच. कसलंही गुपित नाही. मी भावाकडून त्याचा पडून असलेला जुना फोन मागून घेतला, कोल्हापूरला परत आले आणि नव्याने सुरुवात केली.

जुन्यातलं काय ठेवायचं याचा विचार करत बसले असते तर सगळंच ठेवलं असतं. म्हणून कोरी फाइल घेतली. थीम नाही, स्लाइडर नाही, कुठलीही लायब्ररी नाही. हाताने लिहिलेलं एचटीएमएल, म्हणजे पानाचा मजकूर आणि सांगाडा, आणि एक सीएसएस, म्हणजे त्याचं रूप. व्हिडिओ आणि तो आकडा सोडताना जिवावर आलं, पण ते एका क्षणात झालं. बावीस कामांमधून पाच निवडायला मात्र आठवडा गेला. प्रत्येकामागे कुणीतरी माणूस होता, पहिले पैसे होते, रात्री जागून केलेल्या दुरुस्त्या होत्या.

सगळ्यात जास्त वेळ चित्रांनी खाल्ला आणि मी सगळ्यात जास्त शिकले तेही तिथेच. माझ्याकडे देवगडच्या एका आंबा बागायतदारासाठी केलेल्या वेबसाइटचा स्क्रीनशॉट होता, पीएनजी, २८८० पिक्सेल रुंद, ३.१ एमबी. हापूसच्या पेट्यांचा फोटो त्यात मोठा होता. सपाट रंग आणि रेषा असतील तर पीएनजी उत्तम, फोटो असेल तर फाइल फुगते, हे मला माहीत असूनही मी कधी मनावर घेतलं नव्हतं. साध्या फोनवर पानाची रुंदी ३६० धरली आणि पडदा तिप्पट दाट असला, तरी १०८० ठिपक्यांच्या पुढे काहीच दिसत नाही. बाकीचे ठिपके ग्राहकाच्या डेटा पॅकमधून येतात आणि फुकट जातात. मग प्रत्येक चित्राच्या तीन आवृत्त्या केल्या, ४८०, ८०० आणि १२०० रुंदीच्या, वेबपी या प्रकारात. गूगलने २०१० मध्ये काढलेला हा प्रकार आज जवळपास सगळे ब्राउझर वाचतात. कोणती आवृत्ती कुठल्या पडद्याला द्यायची ते ब्राउझरच ठरवतो, आपण फक्त यादी द्यायची. ३.१ एमबीचं चित्र ८८ केबीवर आलं.

पण अडचण वेगळीच निघाली. चित्र हलकं झालं, तरी जुन्या फोनवर त्यात काय आहे तेच कळत नव्हतं. लॅपटॉपच्या आकाराचं पान बोटभर जागेत बसवलेलं, अक्षरं मुंगीएवढी. जड होतं तेव्हाही कळत नव्हतंच, फक्त मी कधी फोनवर बघितलं नव्हतं. म्हणून सगळे स्क्रीनशॉट फोनच्या रुंदीत नव्याने काढले, आणि पूर्ण पान न दाखवता मी जिथे काही ठरवलं होतं तेवढाच भाग कापून घेतला. आंबेवाल्यांच्या बाबतीत तो भाग म्हणजे पेटीच्या दरांचा तक्ता. चार डझनाची, पाच डझनाची, सहा डझनाची पेटी, प्रत्येकीत फळ केवढं असतं ते शेजारी. गिऱ्हाईक नेहमी तोच प्रश्न विचारायचं. हापूसचा मोठा फोटो गेला आणि तो तक्ता आला, तेव्हा माझं काम मलाच नीट दिसलं.

एक चूकही केली. चित्र नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत उतरवू नको असं ब्राउझरला सांगता येतं, एका शब्दाची सूचना असते. मी ती उत्साहाने सगळ्या चित्रांना लावली, अगदी पहिल्यालाही. पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला किती वेळ लागतो हे एक माप आहे, एलसीपी म्हणतात त्याला. २.५ सेकंदांच्या आत असेल तर चांगलं. माझं ते माप सुधारायचं सोडून बिघडलं. जे चित्र उघडताक्षणी दिसायला हवं त्यालाच मी थांबवून ठेवलं होतं. पहिल्याची सूचना काढली आणि माप जागेवर आलं. प्रत्येक चित्राची रुंदी-उंचीही आधीच लिहून ठेवली, म्हणजे ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. नाहीतर माणूस फोन नंबरावर बोट टेकवणार, तेवढ्यात वर चित्र येतं, सगळं खाली ढकललं जातं आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

संपर्काचा फॉर्म काढून टाकला. त्याच्यासाठी एक स्क्रिप्ट, रोबोट ओळखायला दुसरी. दोन वर्षांत त्या फॉर्मवरून आलेलं एकही काम मला आठवत नव्हतं. माझ्याकडे येणारी माणसं फोन करतात किंवा व्हॉट्सअॅपवर लिहितात. म्हणून त्या दोनच लिंका ठेवल्या.

होस्टिंगचं, म्हणजे वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर ठेवलीय याचं, मी कधी बघितलंच नव्हतं. जुनी वेबसाइट अमेरिकेतल्या सर्व्हरवर होती. कोल्हापूरहून तिकडे एक निरोप जाऊन यायला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागायचे, आणि पान उघडण्याआधी असे निरोप दोन-चारदा जातात-येतात. आता पान मुंबईतल्या सर्व्हरवरून येतं. याच संदर्भात एक गोष्ट कळली, ती मला फार आवडली. नवी जोडणी झाल्यावर सर्व्हर सगळं एकदम ओतत नाही. समोरच्याला किती पेलतंय हे माहीत नसल्याने पहिल्या फेरीत साधारण दहाच पुडकी पाठवतो, म्हणजे सुमारे १४ केबी. ती पोहोचल्याची पोच आली की मग हात सैल करतो. तेव्हा पानाचा मजकूर आणि रचना त्या पहिल्या १४ केबीत बसवली, तर पहिल्याच फेरीत वाचण्यासारखं काहीतरी हातात पडतं. मी एचटीएमएल आणि सीएसएस मिळून आकसून ११ केबीत बसवलं. चित्रं मागून येऊ देत, माझं नाव, काम आणि फोन नंबर सगळ्यात आधी पोहोचतो.

राहिले फॉन्ट. इंग्रजी वेबसाइटवाल्यांना ही काळजी थोडी कमी असते. त्यांच्या फॉन्टला अक्षरं मोजकी. देवनागरीला जोडाक्षरं, रफार, अर्धी रूपं, प्रत्येकाचा वेगळा आकार फाइलमध्ये भरलेला असतो, म्हणून फाइल जड. मी मुक्ता वापरत होते. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट तयार करणाऱ्या संस्थेने केलेला, मोफत आणि मुक्त परवान्याचा, सात जाडींमध्ये मिळणारा देखणा फॉन्ट. मी त्यातल्या चार जाडी लावल्या होत्या. शिवाय फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर साधारण तीन सेकंद मजकूर लपवून ठेवतो, तसं करू नको असं आपण सांगितलं नाही तर. म्हणजे मजकूर पोहोचलेला असतो आणि तरी माणूस कोऱ्या पानाकडे बघत बसतो.

खूप विचार करून मी ठरवलं की मजकुरासाठी फोनमध्ये असलेलाच फॉन्ट वापरायचा. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी असतो, आयफोनवर कोहिनूर देवनागरी. दोन्ही उत्तम वाचता येतात आणि त्यांचं वजन शून्य, कारण ते आधीच तिथे आहेत. मुक्ता फक्त मथळ्यांना, एकाच जाडीत. त्यातही मथळ्यांना लागतील तेवढीच अक्षरं ठेवून बाकीची फाइलमधून काढली. अक्षरांची यादी मी हाताने टाइप केली, अ पासून ज्ञ पर्यंत, मग काना, मात्रा, वेलांट्या.

मजकूर लिहिणं हे सगळ्यात कठीण गेलं. जुन्या पानावर 'डिजिटल अनुभवांची शिल्पकार' असं होतं. आता लिहिलं, 'मी कोल्हापुरात राहते. शेतकरी, लहान दुकानं आणि होमस्टे यांच्यासाठी मराठी वेबसाइट तयार करते.' ही दोन वाक्यं नऊ वेळा बदलून इथे आली.

सगळं मिळून पान २०८ केबी झालं. पुन्हा तोच भागाकार केला, एक सेकंदाच्या थोडं वर. भावाच्या जुन्या फोनवर उघडलं, आईच्या फोनवर उघडलं, रंकाळ्यावर फिरायला गेले तिथे उघडलं. पण मनातून मला ती एकाच ठिकाणी उघडलेली बघायची होती.

काकांना फोन केला. त्यांची वेबसाइट एव्हाना झाली होती, त्यांना माझ्याकडून काही नको होतं, म्हणून जरा संकोच वाटत होता. म्हटलं, "काका, काम मागायला नाही फोन केला. फक्त माझी लिंक उघडते का, एवढं बघाल का?"

"पाठवा की. खळ्यातच बसलोय."

लिंक पाठवली. काही सेकंद गेले आणि त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, शाळेत धडा वाचतात तसं. माझी दोन वाक्यं वाचली. आंब्याच्या पेटीचा तक्ता बघून म्हणाले, "हे बरं केलंत, लोक हेच विचारतात." मग तारकर्लीच्या एका घराचं काम आलं. तिथे ते थांबले.

"ताई, तुमच्या 'किनाऱ्यावरचं घर'मध्ये काहीतरी बिघडलंय."

"काय काका?"

"'ऱ्या' बघा. बाकीच्या अक्षरांपेक्षा बारीक आहे. आणि शिरोरेघ जुळत नाहीये, तिथे तेवढीच किंचित खाली आल्येय."

मी फोन डोळ्याजवळ नेला. खरंच होतं. यादी टाइप करताना मी र लिहिला होता, ऱ लिहिला नव्हता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, ते वेगळं अक्षर आहे. किनाऱ्यावर, दुसऱ्या, वाऱ्याने, या सगळ्यांना ते लागतं. माझ्या मुक्तामध्ये ते उरलंच नव्हतं, म्हणून ब्राउझरने बिचाऱ्या 'ऱ्या'पुरतं नोटोचं अक्षर उसनं आणून बसवलं होतं. मी इतक्या फोनांवर पान तपासलं होतं, वेळ मोजला होता, केबी मोजले होते. ही तुटलेली शिरोरेघ मला दिसली नव्हती.

"काका, दहा मिनिटं द्या," म्हटलं. यादीत ऱ घातला, ळ आहे ना ते बघितलं, ॲ आहे ना ते बघितलं, फाइल नव्याने काढली आणि चढवली. त्यांना निरोप पाठवला.

त्यांचा परत फोन आला. "थांबा, इथे नाही बघत. आत माजघरात रेंज सगळ्यात वाईट आहे, तिथे जाऊन बघतो. तिथे बोलता यायचं नाही, मग बाहेर येऊन सांगतो."

पाच मिनिटांनी फोन वाजला.

"उघडली माजघरात," ते म्हणाले. "आणि 'ऱ्या' बरोबर आहे आता."